संदर्भसेवा (विद्यापीठ ग्रंथालयातली)

संशोधकाला माहिती शोधायला शिकवणं आणि त्याच्या विषयावर समोर बसून सल्ला देणं, ही दोन्ही कामं मिळून विद्यापीठ ग्रंथालयाची संदर्भसेवा होते. पुस्तकं देणं-घेणं यात धरत नाहीत, ते देवघेव विभागाकडे.

सुरुवात कुठे झाली यावर एकमत नाही. बहुतेक पाठ्यपुस्तकं अमेरिकन ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांचं नाव देतात, कारण ग्रंथपालाने वाचकाशी ओळख करून त्याला मदत करावी हे त्यांनी १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या परिषदेत निबंध वाचून मांडलं. पण ग्रीन वूस्टरच्या सार्वजनिक ग्रंथालयातले, त्यांचा वाचक म्हणजे गावातला कारागीर किंवा शाळकरी पोरगा, त्यामुळे विद्यापीठाच्या सेवेचं मूळ तिथे शोधणं जरा ओढूनताणून वाटतं. मिशिगन विद्यापीठात तिथले ग्रंथपाल रेमंड डेव्हिस यांनी १८७९ च्या सुमारास ग्रंथालय कसं वापरायचं यावर व्याख्यानं सुरू केली आणि थोड्याच काळात त्याचा रीतसर कोर्स झाला, म्हणजे निदान शिकवण्याच्या बाजूचा मान तरी डेव्हिस यांना द्यायला हरकत नसावी. याच कामासाठी वेगळी माणसं नेमण्याचं श्रेय मात्र सहसा ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांच्या काळातल्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयाला, साधारण १८८४ च्या आसपास.

भारतात या विषयाची पक्की मांडणी शि. रा. रंगनाथन यांची. गणिताचे प्राध्यापक असलेले हे गृहस्थ १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. नव्या वाचकाला ग्रंथालयाची ओळख करून देणं, झटपट उत्तराची तात्कालिक सेवा आणि वेळ घेऊन खोलात शोधण्याची दीर्घकालीन सेवा हे त्यांनी वेगवेगळं धरलं, आणि आजचा पीएचडीवाल्यांचा सल्ला या शेवटच्या प्रकारात मोडतो.

सल्ल्याचा गाभा म्हणजे संदर्भ-मुलाखत, म्हणजे वाचकाला नेमकं काय हवंय ते प्रश्न विचारून काढून घेणं. ग्रंथालयशास्त्राचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये वाचकाच्या गरजेच्या ४ पायऱ्या सांगितल्या, त्यातली काउंटरवर ऐकू येते ती शेवटची, ग्रंथालयाला झेपेल अशी काटछाट करून आणलेली. "दुष्काळावर काही आहे का?" असं विचारणाऱ्याला खरं तर १९७२ च्या दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामांचे सरकारी अहवाल हवे असतात, आणि ते दोन-चार उलट प्रश्न विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. मराठी साहित्याच्या बाबतीत कॅटलॉगची वेगळीच गंमत: नोंद रोमन लिपीत असेल तर 'ज्ञानेश्वरी' कुठे 'डी'ने सुरू होते, कुठे 'जे'ने, त्यामुळे एकाच स्पेलिंगने शोधून "पुस्तक नाही" म्हणत परत जाणारे कमी नाहीत. दोन्ही स्पेलिंग 'किंवा'ने (OR) जोडून शोधायचं, किंवा पहिल्या अक्षरांच्या भानगडीत न पडता संपादकाच्या नावाने जायचं, हे पहिल्याच तासाला सांगितलेलं बरं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यामुळे हल्ली सल्ल्याला येणाऱ्यांत साम्य-अहवाल (आपला मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो हे दाखवणारा) हातात घेऊन आलेलेही असतात आणि अवतरणं, संदर्भसूची त्या आकड्यात धरायची नाही हे त्यांना समजावून सांगावं लागतं. २०१९ च्या अखेरीस संशोधन व प्रकाशन नीतीचा २ क्रेडिटचा कोर्स पीएचडी कोर्सवर्कमध्ये सक्तीचा झाला, त्यात डेटाबेस आणि संशोधन-मापनाचा (संशोधनाचा प्रभाव आकड्यांत मोजण्याचा) भाग आहे, आणि तो शिकवायला बऱ्याच ठिकाणी ग्रंथपालालाच बोलावतात.