जुन्या संगणकाचे ट्रॅक कोण खातं?

जुने होम कॉम्प्युटर दुरुस्त करायला बसलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: ‘बॅटरीचं ॲसिड गळलंय ना? खायचा सोडा टाक आणि ब्रशने घास.’ गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीपुरता हा सल्ला ठीक आहे, कारण तिच्यात खरंच सल्फ्युरिक आम्ल असतं. कमोडोर अमिगा २००० च्या मदरबोर्डवर मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. १९८७ साली आलेल्या या यंत्रात घड्याळ चालू ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमच्या तीन सेलची, ३.६ व्होल्टची बॅटरी थेट बोर्डावर सोल्डर केलेली असे. आपल्याकडच्या ३८६-४८६ प्रोसेसरच्या जुन्या पीसींतही याच जातीची बॅटरी सापडते. तिच्यात असतं पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, म्हणजे चांगलीच तीव्र आम्लारी. सोडा टाकायचा म्हणजे आम्लारीवर आणखी एक आम्लारी.

विश्वास बसत नसेल तर स्वयंपाकघरातून हळद आणा. ओल्या इअरबडने बॅटरीजवळची पांढरी भुकटी टिपा आणि तो इअरबड हळदीच्या पाण्यात बुडवलेल्या कागदावर टेकवा. कागद लाल झाला की निकाल लागला. हळद-चुन्याच्या याच रंगबदलावर घरगुती कुंकू बनतं आणि ‘करणीचं रक्त’ काढून दाखवणाऱ्या बुवांची दुकानंही चालतात. इयत्ता आठवीतला दर्शकाचा प्रयोग दक्षिणा घेऊन करतात, एवढंच.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ही आम्लारी नुसती ठिबकत नाही, ती चालते. बोर्ड उभा ठेवला तरी वर चढते. कशी?

बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला धातू घ्या. सील कमकुवत झालं की त्या धातूवर आम्लारीचा ओला पापुद्रा पसरतो. पापुद्र्याची कड सर्वांत पातळ, म्हणून हवेतला ऑक्सिजन तिथेच धातूपर्यंत सहज पोचतो. इलेक्ट्रॉन द्यायला ऋण टोकाचं कॅडमियम तयारच असतं. ऑक्सिजनचा एक रेणू, पाण्याचे दोन रेणू आणि चार इलेक्ट्रॉन एकत्र आले की हायड्रॉक्साइडचे चार आयन तयार होतात. हे आयन ऋणभारित, त्यामुळे भार समतोल राखायला पोटॅशियमचे धन आयन पापुद्र्यातून कडेकडे सरकतात. झालं, कडेवर ताजं पोटॅशियम हायड्रॉक्साइड! ते जबरदस्त जलशोषक. हवेतली वाफ ओढून घेतं, फुगतं, पुढे पसरतं. पसरलं की नवी पातळ कड, तिथे पुन्हा ऑक्सिजन, पुन्हा तेच चक्र. थोडक्यात, गळती पुढे नेणारी ऊर्जा बॅटरी स्वतःच पुरवते, आणि त्यासाठी यंत्र चालू असण्याचीही गरज नाही. धन टोकाला हा इलेक्ट्रॉनचा पुरवठा नसतो, म्हणून तिथे पापुद्रा फारसा रांगत नाही. ऋण टोक बहुधा ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या सामाईक शून्य व्होल्टच्या तांब्याला जोडलेलं, आणि ग्राउंड तर बोर्डभर पसरलेलं! दमट हवेत हे सगळं आणखी वेगाने होतं. त्यामुळे पावसाळे खात माळ्यावर पडलेल्या बोर्डाची दशा काय होते, ते समजण्यासारखं आहे.

वाटेत ही आम्लारी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पोटॅशियम कार्बोनेट बनते, तीच ती पांढरी भुकटी. सोल्डरमधलं कथील आणि शिसं उभयधर्मी असल्याने आम्लारीतही विरघळतात, म्हणून जॉइंट राखाडी आणि निस्तेज दिसतात. बोर्डावरच्या हिरव्या संरक्षक थराखाली, म्हणजे सोल्डर मास्कखाली, ओल शिरली की तांब्याचं ऑक्सिडेशन होऊन ट्रॅक, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या तांब्याच्या बारीक रेघा, काळे पडतात. उघड्या तांब्यावर निळा-हिरवा थर धरतो.

अमिगा २००० मध्ये ही बॅटरी नेमकी ६८००० प्रोसेसरच्या शेजारी आहे. सुरू होताना हे यंत्र स्वतःची तपासणी करून पडद्याच्या रंगातून दोष सांगतं: रॉममधल्या (कायमचा प्रोग्राम साठवणाऱ्या चिपमधल्या) आकड्यांची पडताळणीची बेरीज चुकली तर लाल, चिप रॅम (चित्र-आवाजाच्या चिपाही वापरतात ती मेमरी) बिघडली असेल तर हिरवा. पण रंग दाखवणारा प्रोग्रामच रॉममध्ये असतो. प्रोसेसर ते रॉम ही वाटच तुटली, तर पडदा काळाच राहतो.

मग मल्टिमीटर घेऊन एकेक ट्रॅक तपासायचा. इथे एक फसगत होते. पाव मिलिमीटर रुंद, ३५ मायक्रॉन जाड, १० सेंटिमीटर लांब तांब्याच्या ट्रॅकचा रोध सुमारे ०.२ ओहम येतो. अर्धा खाल्लेला ट्रॅकही एखाद्या ओहमच्या आतच राहतो आणि मीटर ‘जोडणी शाबूत आहे’ म्हणून आनंदाने ‘बीप’ करतो. सिग्नलच्या ट्रॅकमधून जाणारा प्रवाह इतका कमी असतो की यंत्रही चालतं. पुढे बोर्ड तापला, जरा वाकला, की उरलेला धागा तुटतो. तेव्हा काळा पडलेला ट्रॅक बीप देत असला तरी संशयितच धरावा.

आधी बॅटरी काढायची. मग व्हिनेगर, त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि बोर्ड पूर्ण वाळवायचा. कॅडमियमची संयुगं विषारी आहेत. हातमोजे घाला, सुकी भुकटी खरवडू नका, फुंकर तर मुळीच नको. त्यानंतर ट्रॅकवरचा मास्क खरवडत चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे जायचं. काळ्या ऑक्साइडवर सोल्डर धरत नाही. कल्हईवाला नवसागर टाकतो तो असा ऑक्साइड काढण्यासाठीच. इथे ते काम राळेचं फ्लक्स करतं. ट्रॅकवर फ्लक्स, मग सोल्डरचा पातळ थर, मग वर एनॅमलची बारीक तार. खाल्लेला भाग लांब असेल तर तो सोडून द्या आणि चिपच्या एका पायापासून दुसऱ्यापर्यंत इन्सुलेटेड तार ओढा. हे यंत्र सुमारे ७ मेगाहर्ट्‌झवर चालतं, चार-पाच सेंटिमीटर जास्त तारेने त्याला फरक पडत नाही. दोन्ही बाजू जोडणाऱ्या भोकांतला मुलामा आतून गेला असेल, तर त्यातून तार घालून दोन्हीकडे सोल्डर करायचं.

चांदीच्या शाईचे पेन ‘ट्रॅक काढा, काम झालं’ म्हणून विकले जातात. चांदी उत्तम वाहक आहे खरी, पण शाईतले कण एकमेकांना जेमतेम टेकलेले असतात आणि रोध तांब्याच्या कितीतरी पट भरतो. शिवाय त्यावर नीट सोल्डरही होत नाही.

बॅटरी पुन्हा निकेल-कॅडमियमची बसवू नका. सीआर२०३२ हा नाण्यासारखा चपटा लिथियम सेल, म्हणजे लिथियम नाणं, चालतं. फक्त मूळ सर्किट बॅटरी चार्ज करायला बघतं आणि हे नाणं चार्ज करणं धोक्याचं असतं, म्हणून मध्ये एक डायोड लावायचा: नाण्यातून घड्याळाकडे प्रवाह जाईल, उलटा येणार नाही.