एसीचा गॅस संपला की उष्णता अडकली?

मे महिन्यात ग्वाल्हेरातल्या एखाद्या मिस्त्रीकडे गाडी नेऊन ‘एसी गार करत नाही’ म्हणालात, तर बॉनेट उघडायच्या आधीच निदान ठरलेलं असतं: “गैस कम है, डलवा लो.” आपणही मुकाट्याने पैसे मोजतो. पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो, आणि लहान गाडीत तो असतोच मुळी अर्धा किलोच्या आसपास. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय. गळत नसेल तर वरून भरून बिघाड वाढतोच.

एसी हा हमाल आहे. गाडीतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. बहुतेक गाड्यांमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांवर उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये दाब २८ पीएसआयच्या (टायरची हवा मोजतात तेच एकक) आसपास राखला की तो शून्य अंशाला उकळतो आणि उकळताना आतल्या हवेतली उष्णता शोषून घेतो. कंप्रेसर ती वाफ दाबतो, त्याने ती तापते, आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होते.

आमच्याकडचा घोळ बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यात असतो. बाहेर ४५ अंश असेल, तर त्या हवेत उष्णता सोडायला कंडेन्सर तिच्याहून बराच गरम असायला लागतो, म्हणजे ६० ते ६५ अंश. तेवढ्या तापमानाला गॅसचा द्रव व्हायचा तर दाब २३० ते २६० पीएसआय लागतो. बाहेर ३५ अंश असताना १८०च्या आसपास भागतं. म्हणजे मे महिन्यात कंप्रेसर आधीच मेटाकुटीला आलेला असतो, आणि त्यात कंडेन्सरवर लूने, म्हणजे उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याने, आणलेल्या धुळीचा थर.

याची परीक्षा फुकटात होते. मुरैन्याच्या हायवेवर गाडी गारेगार आणि शहरात महाराज बाड्याच्या बाजारगर्दीत शिरली की कोमट, असं होत असेल तर गॅसला दोष देऊ नका. हायवेवर वारा आपोआप कंडेन्सरमधून जातो, गर्दीत सगळी भिस्त पंख्यावर. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बॉनेट उघडा आणि पंखा जोरात फिरतोय का ते लांबूनच बघा. फिरत असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारा. कडुलिंबाची पानं, किडे, मातीचा लेप, काय काय निघतं! इंजिन थंड झाल्यावर साध्या नळीने, हलक्या धारेने धुवा. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने कंडेन्सरच्या पातळ पत्र्या वाकतात आणि हवेची वाट बंद होते.

झरोक्यांतून हवाच कमी येत असेल तर बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असलेला केबिन फिल्टर काढून झटका, नाहीतर बदला. हवा आधी गार येते, मग हळूहळू बंद पडते आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा सुरू होते, तर कॉइलवर बर्फ धरतोय. आणि बाहेरची हवा आत घेण्याचं बटण चालू राहिलं असेल तर एसी बिचारा दर मिनिटाला नवी लू गार करत बसतो. उन्हात उभी गाडी आधी काचा उघडून दोन मिनिटं चालवा, मग काचा लावून आतलीच हवा फिरवा.

श्रावणात तक्रार पालटते. पारा ३३ वर, तरी गारवा कमीच. घरचा खसचा कूलर तर तेव्हाच्या दमट हवेत अगदीच निकामी. गाडीत मात्र एसी हवेतली वाफ गाळून पाणी करत असतो, म्हणून गाडीखाली थारोळं साचतं. तासाला एक लिटर पाणी गाळण्यात जवळजवळ ७०० वॅट क्षमता खर्च होते आणि तेवढा गारवा आपल्या वाट्याला येत नाही. हा बिघाड नव्हे. थारोळं गाडीखाली न साचता पायाशी साचलं, तर पाणी जायची नळी तुंबलीय.

आता खरोखरच गॅस कमी असेल तर? कंप्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच टक-टक करत सारखा लागतो-सुटतो, मिस्त्रीच्या गेजचे (दाबमापकाचे) दोन्ही काटे, कमी दाबाच्या आणि जास्त दाबाच्या बाजूचे, खाली असतात, आणि नळीच्या एखाद्या जोडावर तेलकट, धूळ धरलेला डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही फिरत असतं. याउलट गॅस जास्त झाला की कंडेन्सरमध्ये द्रव तुंबतो, वाफेला उष्णता टाकायला जागा उरत नाही. मग दोन्ही काटे चढतात आणि गारवा घटतो. नुसत्या अंदाजाने ‘थोडा और’ भरण्याचा हा परिणाम.

मिस्त्रीला सांगा, आधी नायट्रोजनच्या दाबाने गळती शोध आणि जोड दुरुस्त कर. मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम लाव, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढ. आत हवा राहिली तर ती कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, नुसती जागा अडवते. ओल राहिली तर कूलिंग कॉइलच्या तोंडाशी द्रवाचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकात गोठते. शेवटी गॅस काट्यावर तोलून भरायचा, बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलाय तेवढाच.