खिशात मावणारी सलामी: व्होल्पी घराण्याची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात ‘द हिल’ नावाची वस्ती आहे. तिथले रस्त्याकडेचे अग्निशमनाचे नळसुद्धा हिरव्या, पांढऱ्या, लाल पट्ट्यांत रंगवलेले आहेत, इटलीच्या झेंड्याचे रंग. या टेकडीच्या पोटात विटांची चिकणमाती होती. ती खणायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीतल्या लोंबार्दीतून आणि पुढे दक्षिणेकडच्या सिसिली बेटावरून माणसं आली. त्यांच्यामागोमाग मिलानचे जोव्हान्नी व्होल्पी आले आणि १९०२ साली त्यांनी सलामीचं, म्हणजे डुकराच्या खारवून सुकवलेल्या मांसाच्या सॉसेजचं, दुकान थाटलं.

गिऱ्हाईक म्हणजे खाणीतले मजूर. त्यांना शिजवावं लागणार नाही, नासणार नाही असं काहीतरी हवं होतं. म्हणून खिशात मावेल एवढी छोटी सलामी केली, असं व्होल्पींकडे आजही सांगतात. मला या धंद्याचं खरं मूळ इथेच दिसतं. आज ती चैनीची चीज वाटते, पण जन्मली ती बेगमीच्या गरजेतून.

सलामी हे नावच इटालियन ‘साले’ म्हणजे मिठावरून पडलं. डुकराचं मांस आणि चरबी बारीक करायची, मीठ, मिरी, लसूण, थोडी वाइन घालून आतड्यात ठासून भरायची आणि सुतळीने बांधून टांगायची. पहिले काही दिवस ती आंबते. दुधाला विरजण लावल्यावर जे जीवाणू काम करतात, त्यांचेच भाऊबंद इथे मांसात आंबटपणा आणतात आणि घातक जंतूंना थारा देत नाहीत. मग सालीवर पिठासारखी पांढरी बुरशी चढते आणि आठवडेच्या आठवडे पाणी उडत राहतं. घाई केली तर वरची साल कडक होते, आतला ओलावा आतच अडकतो आणि माल वाया जातो. म्हणूनच हे काम वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून शिकायचं.

१९३८ मध्ये नात्यातले आर्मांदो पासेत्ती इटलीहून आले आणि पुढे त्यांनीच धंदा सांभाळला. त्यांच्या काळात एक मोठी गोष्ट घडली. डुकरांच्या आफ्रिकन तापाच्या धास्तीने अमेरिकेने १९६७ मध्ये इटलीच्या हॅमला, म्हणजे डुकराच्या मांडीच्या खारवलेल्या मांसाला, दार बंद केलं. इटलीतल्या पार्माचं प्रोशुत्तो, म्हणजे तिथलं सुकवलेलं हॅम, परत यायला १९८९ उजाडलं, आणि उत्तर इटलीतल्या सलामीची वाट तर २०१३ मध्ये मोकळी झाली. मधल्या काळात अमेरिकेत ही चव जिवंत ठेवली ती अशाच घराण्यांनी, आणि त्याचं श्रेय त्यांना पुरेसं मिळालेलं नाही.

आर्मांदोंनंतर कारभार त्यांची मुलगी लोरेन्झा पासेत्ती यांच्याकडे आला. डॅगेट अॅव्हेन्यूवरचं दुकान त्याच वस्तीत आहे.