काकवीचं रक्त आणि खराखुरा हशा

खानापूर तालुक्यातल्या जत्रांत हौशी नाटकं अजून रंगतात. खलनायकाच्या पोटात सुरा जातो, सदऱ्याआड बांधलेली लाल पाण्याची पिशवी अंमळ उशिरा फुटते आणि श्वास रोखायचा सोडून मांडव पोट धरून हसतो. ‘स्प्लॅटर कॉमेडी’ नावाचा रक्तबंबाळ विनोदी सिनेमा याच हशावर जगतो. तिथं पिशवीऐवजी पिंप फुटतं, एवढंच.

न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सन या दिग्दर्शकानं ‘बॅड टेस्ट’ (१९८७) हा असलाच सिनेमा मित्रांना हाताशी धरून, सुट्ट्यांच्या दिवशी, चार वर्षं रेटत पुरा केला. परग्रहवासीयांचे मुखवटे त्यानं आईच्या ओव्हनमध्ये भाजले. ते नकली दिसतात, आणि गंमत त्यातच आहे. मॅकग्रॉ आणि वॉरन या विनोदाच्या अभ्यासकांनी २०१० साली मांडलं, की मर्यादा तर मोडली पण कुणाचं काही बिघडलं नाही, हे दोन्ही एकदम जाणवलं की हसू फुटतं. तुटका हात हुबेहूब असेल तर किळस जिंकते. रबराची कड दिसली की जीव भांड्यात पडतो.

संकेश्वरी मिरचीचा ठेचा खाताना हेच घडतं. ४३ अंश सेल्सिअसच्या वरचा चटका ओळखणारी जी संवेदकं जिभेवर असतात, नेमकी तीच मिरचीतलं कॅप्सेसिन चेतवतं. भाजलेलं काहीच नसतं, तरी मेंदूला आगीची वर्दी जाते. नाकाला धार लागते, आणि आपण आणखी अर्धी भाकरी मागतो. शरीर फसलं, आपण नाही, याचं हे सुख. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी २०१३ च्या निबंधात भयपटांची आवडही याच खात्यात टाकली.

आता रक्ताचं. परदेशात मक्याच्या पाकात खाद्यरंग घालतात. आपल्याकडं गुऱ्हाळावरची काकवी आहेच. खरं रक्त पाण्याच्या चारेक पट दाट, काकवी त्याहून कैक पटींनी. तशीच वापरली तर चिळकांडी उडतच नाही, नुसती लोंबते. म्हणून पाणी घालून सैल करायची. तिचा तपकिरी रंग मात्र कामाचा, त्यानं लाल रंगाचा भडकपणा मरतो. एकच पंचाईत: दुसऱ्या टेकपर्यंत मुंग्या येतात आणि मेलेला माणूस खाजवायला लागतो. तो टेक ठेवावा, असं माझं मत.

हसण्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणानुसार माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत सुमारे ३० पट जास्त हसतो. तेव्हा असला सिनेमा टोळक्यानंच बघावा. एकट्यानं मोबाइलवर बघितलात तर भिकार वाटेल. आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे असतातही.