टेड पूली (विकेटकीपर, सरे)

टेड पूली हा 19व्या शतकातला इंग्लंडच्या सरे काउंटीचा विकेटकीपर. जन्म 1842 चा. सरेकडून पहिली मॅच 1861 मध्ये, शेवटची 1883 मध्ये, म्हणजे 22 वर्षं. आज त्याचं नाव निघतं ते फक्त जेलच्या किस्स्यामुळे, आणि हा खरंच अन्याय आहे, कारण त्या काळातले त्याच्या तोडीचे कीपर बोटावर मोजण्याइतकेच.

जुलै 1868 मध्ये ओव्हलवर ससेक्सविरुद्ध त्याने एका मॅचमध्ये 12 विकेट घेतल्या, 8 कॅच आणि 4 स्टंपिंग. पूर्ण करिअरमध्ये साडेतीनशेच्या वर स्टंपिंग आहेत. खडबडीत पिचेस, पातळ ग्लव्ह्ज आणि हा स्टंपला चिकटून उभा, त्यामुळे बोटं मोडून मोडून वाकडी झालेली. सरेच्याच जेम्स सदर्टनच्या स्लो बोलिंगवर बॅट्समन जरा पुढे सरकला की बेल्स उडाल्याच म्हणून समजा.

पण बेटिंगचा नाद काही सुटला नाही. 1876-77 मध्ये जेम्स लिलीव्हाइटच्या इंग्लिश टीमबरोबर तो न्यूझीलंडला गेला. फेब्रुवारीत क्राइस्टचर्चला कँटरबरीच्या 18 जणांशी मॅच होती, पूली दुखापतीमुळे बाहेर, म्हणून अंपायर. त्याने एका स्थानिक माणसाशी पैज लावली की प्रत्येकाचा स्कोअर आधी सांगतो, बरोबर आला तर मला 1 पौंड, चुकला तर तुला 1 शिलिंग. आणि सगळ्यांपुढे शून्य लिहिलं! पौंडात 20 शिलिंग, त्यामुळे 18 पैकी एकाने जरी भोपळा फोडला नाही तरी पूली फायद्यात. समोरच्याने पैसे द्यायला नकार दिला, मारामारी झाली, आणि पूलीला अटक.

टीम त्याला मागे ठेवून मेलबर्नला गेली. 15 मार्च 1877 ला इतिहासातली पहिली टेस्ट सुरू झाली तेव्हा इंग्लंडकडे जेमतेम 11 जण उरले होते, कीपिंग जॉन सेल्बीला करावी लागली आणि ऑस्ट्रेलिया 45 रन्सनी जिंकली. नंतर कोर्टाने पूलीला निर्दोष सोडलं, क्राइस्टचर्चच्या लोकांनी तर त्याच्यासाठी वर्गणीसुद्धा काढली, पण टेस्ट खेळायचा चान्स पुन्हा कधीच आला नाही.

तेव्हाच्या प्रोफेशनल खेळाडूंना हातपाय चालताहेत तोवरच कमाई. पूलीचे शेवटचे दिवस गरिबांच्या वर्कहाउसमध्ये गेले आणि 18 जुलै 1907 ला लंडनच्या लॅम्बेथमध्ये तो वारला. त्याच्या 12 विकेटची बरोबरी ऑस्ट्रेलियाच्या डॉन टॅलनने 1938-39 मध्ये केली, आणि रेकॉर्ड मोडला तो थेट 1995-96 मध्ये, झिम्बाब्वेच्या वेन जेम्सने.