लोकाधारित देखरेख (आरोग्यसेवा)

सरकारी दवाखान्यात कागदावर लिहिलेली सेवा लोकांना खरोखर मिळते का, हे गावकऱ्यांनी आणि आरोग्य खात्याबाहेरच्या संस्थांनी ठरलेल्या पद्धतीने तपासायचे आणि अधिकाऱ्यांना चारचौघांत जाब विचारायचा, ही प्रक्रिया. महाराष्ट्रात तिचे पूर्ण नाव ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’ असे आहे.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले. खात्याची अंतर्गत तपासणी आणि बाहेरची सर्वेक्षणे यांच्या जोडीला लोकांची देखरेख हा तिसरा मार्ग त्याच्या आराखड्यातच होता. २००७ मध्ये नऊ राज्यांत प्रायोगिक काम सुरू झाले. महाराष्ट्रात त्यासाठी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे हे जिल्हे निवडले. जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे, केंद्रामागे पाच गावे, अशी सव्वादोनशे गावांची आखणी होती. राज्य पातळीवरचे समन्वयाचे काम पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे आले. जन आरोग्य अभियान या संस्था-संघटनांच्या जाळ्याच्या कार्यकर्त्यांनी आधीच आरोग्य हक्काच्या जनसुनवाया, म्हणजे लोकांनी अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायच्या जाहीर सभा, सुरू केल्या होत्या; तो अनुभव येथे कामी आला.

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवर देखरेख समित्या असतात. गावातल्या गटचर्चेत लसीकरण, बाळंतपण, औषधे, आशांचे काम, अबंधित निधीचा (स्थानिक गरजेप्रमाणे वापरायच्या पैशांचा) खर्च अशा मुद्द्यांवर प्रश्न विचारून गुण देतात. ७५ टक्के किंवा जास्त गुणांना हिरवा रंग, ५० ते ७४ ला पिवळा आणि त्याखाली लाल. हे रंगीत रिपोर्ट कार्ड गावात दिसेल अशा जागी लावायचे असते. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही लाल रंग कळतो, आणि तो नर्सबाईंनाही कळतो.

गटचर्चा कुठे आणि कोणासमोर घेतली यावर सारे ठरते. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात सरपंच आणि नर्स बसलेल्या असताना विचारले तर कार्ड हिरवेच येते. म्हणून चर्चा वस्तीवर, बायकांच्या सोयीच्या वेळी घ्यावी, आणि सुरुवात गावकुसाच्या टोकाच्या वस्तीपासून करावी. प्रश्नही नेमका हवा. ‘नर्स येते का?’ याला ‘येते’ हेच उत्तर मिळते. ‘गेल्या महिन्यात या वस्तीवर किती वेळा आली?’ याला आकडा मिळतो.

दवाखान्याची पाहणी रजिस्टर आणि फडताळ समोरासमोर ठेवून करतात. साठा वहीत ओआरएसची पाकिटे, लोहाच्या गोळ्या, सर्पदंशावरचे प्रतिविष यांचा शिल्लक आकडा पाहायचा, मग हाताने मोजायचे आणि मुदतीची तारीख वाचायची. लस आहे पण फ्रीज बंद, हा प्रकार वहीत कधीच सापडत नाही. प्रसूती रजिस्टरमधली तारीख आणि दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी मिळणारे जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये पासबुकात जमा झाल्याची तारीख जुळवली की उशीर उघडा पडतो. बाहेरच्या मेडिकलमधून औषध आणायला दिलेली चिठ्ठी हा सर्वांत बोलका पुरावा. ती जपून ठेवायला लोकांना आधीपासून सांगावे लागते.

या सगळ्याचे टोक म्हणजे जनसुनवाई. प्रत्येक प्रकरण लेखी हवे, तारखेसह आणि रुग्णाच्या संमतीने. पॅनेलवर खात्याबाहेरची माणसे असतात. अधिकाऱ्याने तिथेच उत्तर द्यायचे, मुदत सांगायची आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यायची. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखालचे. ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. दोघांपैकी एकालाच बोलावले तर निम्म्या तक्रारींना ‘ते आमच्याकडे येत नाही’ एवढेच उत्तर मिळते. नुसती सही करायला पाठवलेला कनिष्ठ अधिकारीही काही कामाचा नसतो.

सुनवाईत नर्स आणि आशा सर्वांत आधी सापडतात, कारण त्या डोळ्यांसमोर असतात. रिकामे पद किंवा न आलेला औषधसाठा हा त्यांचा दोष नसतो. अशा तक्रारी वेगळ्या काढून वरच्या समितीकडे न्याव्या लागतात, नाहीतर कर्मचारी चिडतात आणि पुढच्या फेरीत रजिस्टर दाखवायलाच तयार होत नाहीत. आशांना माहिती गोळा करायला लावणे हीसुद्धा चूकच: ज्या केंद्राच्या सहीवर त्यांचा मोबदला निघतो, त्याच केंद्राविरुद्ध त्यांनी लिहावे ही अपेक्षा अन्यायाची आहे.

उपयोग झाला का? सुरुवातीच्या तीन फेऱ्यांत हिरव्या शेऱ्यांचे प्रमाण वाढत गेले. बंद पडलेली उपकेंद्रे उघडणे, अंगणवाडीत लसीकरण नियमित होणे, बेकायदा पैसे घेणे थांबणे असे स्थानिक प्रश्न लवकर सुटतात. डॉक्टरांची भरती आणि औषधखरेदी यांवर गावाच्या कार्डाचा जोर चालत नाही.

मूळ अडचण पैशाची आहे. देखरेख करणाऱ्या संस्थांना निधी सरकारी आरोग्य अभियानाच्याच वार्षिक आराखड्यातून मिळत आला, म्हणजे ज्या खात्याची झडती घ्यायची त्याच्याच तिजोरीतून. कोणी उघडपणे दबाव आणायची गरज पडत नाही. मंजुरी लांबली की कार्यकर्त्यांचे मानधन थकते, फेरी पुढे ढकलली जाते, आणि सुनवाईत दिलेल्या मुदती उलटून गेल्या तरी विचारायला कोणी नसते. राज्य पातळीवरच्या समितीत खात्याचे अधिकारी आणि संस्था शेजारीशेजारी बसतात. त्यामुळे तक्रार धसाला लागायला मदत होते, पण अंतर कमी होते. म्हणून अनुभवी संस्था माहिती अधिकारात मिळवलेली कागदपत्रे आणि स्थानिक पत्रकार हे दोन मार्ग निधीपासून वेगळे ठेवतात.