मद्याचे शरीरातील चयापचय

मद्यातील एथिल अल्कोहोल रक्तात शोषले जाऊन शरीरभर पसरणे व मुख्यतः यकृतात त्याचे विघटन होणे, याला मद्याचे चयापचय म्हणतात. बोलण्यातले ‘चढणे’ आणि ‘उतरणे’ हे शब्द येथे शास्त्राला धरूनच आहेत. चढण्याचा वेग परिस्थितीनुसार बदलतो, उतरण्याचा मात्र फारसा नाही.

अल्कोहोलला पचावे लागत नाही. त्याचा सुमारे पाचवा हिस्सा जठरातून आणि उरलेला लहान आतड्यातून थेट रक्तात जातो. पोटात जेवण असेल तर जठर सावकाश रिकामे होते आणि नशाही सावकाश चढते. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात दिवसभर पावसात रोपलावण करून आलेला 60 किलो वजनाचा माणूस उपाशीपोटी 42.8 टक्के अल्कोहोल असलेल्या दारूचे 90 मिलीचे पाकीट संपवतो, तेव्हा सुमारे 30 ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते आणि तासाभरात 100 मिली रक्तातील त्याचे प्रमाण 60 ते 70 मिलिग्रॅमपर्यंत पोहोचू शकते. वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. तेवढ्याच वजनाच्या स्त्रीच्या शरीरात पाणी कमी असल्याने हे प्रमाण आणखी वाढते. भिजून आल्यावर ‘ऊब यावी’ म्हणून घेतलेल्या घोटाने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. अंग गरम वाटते, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते.

यकृतातील विकरे (रासायनिक बदल घडवणारी प्रथिने, एन्झाइम) अल्कोहोलचे प्रथम विषारी ॲसिटाल्डिहाइडमध्ये आणि मग निरुपद्रवी ॲसिटेटमध्ये रूपांतर करतात. ही विकरे लवकरच पूर्ण क्षमतेने गुंतून जातात, त्यामुळे रक्तातील प्रमाण तासाला साधारण 15 मिलिग्रॅमनेच उतरते. लिंबू, ताक, कोरा चहा किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी त्यात फरक पडत नाही. रात्री दहाला दोन पाकिटे घेतलेला माणूस पहाटे पाचला दुधाचे कॅन मोटारसायकलला अडकवून बेळगावकडे निघतो, तेव्हा झोप झाली असली तरी तो बहुधा कायद्याच्या मर्यादेबाहेरच असतो. रोज पिणाऱ्यांच्या यकृतात आणखी एक विकर वाढून हा वेग थोडा वाढतो, एवढेच. चोर्ला घाटापलीकडून, गोव्यातून येणारी फेणी काजूची म्हणून औषधी मानली जाते. यकृताला मात्र तिच्यातले अल्कोहोलही इतर दारूसारखेच हाताळावे लागते.

कर्नाटकात 2007 मध्ये सारायी या स्वस्त देशी दारूवर बंदी आली. बेकायदा दारूत मिथाइल अल्कोहोल मिसळलेले असल्यास तीच विकरे त्यापासून फॉर्मिक आम्ल बनवतात आणि दृष्टी जाऊ शकते. अशा रुग्णाला रुग्णालयात एथिल अल्कोहोलही देता येते, कारण विकरे आधी त्याच्याकडे वळतात आणि मिथाइल अल्कोहोल न बदलता शरीराबाहेर काढण्यास वेळ मिळतो.